दुपारी हिरवा दिवा, रात्री साडेनऊला अंधार. चार्ज कंट्रोलरचं कोणी समजावून सांगेल का?

पऱ्हाटीवाला (ता. घाटंजी, जि. यवतमाळ) | २१ एप्रिल, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. घर वावरात आहे, गावापासून दीड किलोमीटर. लाइन शेतीच्या फीडरवरची, आठ तासांची, अन् ती कधी दिवसा तर कधी रात्री. म्हणून दोन वर्षांपूर्वी सोलर बसवलं. १५० वॅटचं एक पॅनल, १२ व्होल्ट १०० एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास) पाणी घालायची ट्यूब्युलर बॅटरी, १० अँपिअरचा पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनलकडून बॅटरीत जाणारं चार्जिंग सांभाळणारा डबा) अन् एक छोटा इन्व्हर्टर. पॅनल गोठ्याच्या टिनावर, बाकी सगळं घरात.

पहिलं वर्ष काही त्रास नव्हता. आता रात्री नऊ-साडेनऊ झाले की इन्व्हर्टर शिटी मारते अन् बंद पडते. पंखा थांबला की पोट्टे झोपत नाहीत. वडील ७२ वर्षांचे, ते खाट अंगणात नेतात. मागच्या आठवड्यात खाटेखाली विंचू निघाला, तेव्हापासून माझीच झोप उडाली आहे.

दुकानदार म्हणते बॅटरी गेली, नवीन टाका, चौदा हजार. पेरणीसाठी ठेवलेले पैसे आहेत, ते इकडं घालू का? दुपारी कंट्रोलरवर हिरवा दिवा तर लागलेला असते. चार्ज होत असेल तर मग रात्री जाते कुठं?

---

वायंडिंगवाला (हिंगणघाट) | २१ एप्रिल, रात्री ११:०२

भाऊ, थांबा. पैसे काढू नका अजून.

मोटारी भरण्याचं दुकान आहे माझं, सोलरची दुरुस्तीही येते. 'बॅटरी गेली' म्हणून आणलेल्या बॅटऱ्यांत कितीतरी बॅटऱ्या नुसत्या उपाशी असतात. रोज थोडं कमी मिळतं, रोज थोडं जास्त काढलं जातं, असं सहा महिने चाललं की ती मेल्यासारखी वागते. तशीच ठेवली तर मग खरंच मरते.

हिरव्या दिव्यावर जाऊ नका. बहुतेक साध्या कंट्रोलरवर पॅनलचा दिवा एवढंच सांगतो की पॅनलकडून व्होल्टेज येत आहे. किती अँपिअर जात आहेत, बॅटरी भरली की नाही, हे तो सांगत नाही. सकाळी सात वाजता कोवळ्या उन्हातही तो लागतो.

एक मल्टिमीटर आणा, तीन-चारशेत मिळतो. त्याचा सेल नवीन घाला, सेल उतरला की स्वस्तातले मीटर आकडा चुकीचा दाखवतात, बहुतेकदा जास्तच. मग मला हे सांगा. सूर्य उगवायच्या आधी, इन्व्हर्टर बंद करून अर्धा-एक तास थांबून, बॅटरीच्या टर्मिनलवर किती व्होल्ट? अकरा वाजता कडक उन्हात बॅटरीवर किती, कंट्रोलरच्या पॅनल टर्मिनलवर किती, आणि गोठ्यावर चढून पॅनलच्या मागच्या डबीत किती? हे तिन्ही एकाच वेळचे हवेत. पॅनलपासून कंट्रोलरपर्यंत वायर किती मीटर आणि किती एमएमची, तेही लिहा. चढताना टिन तापलेलं असतं, चप्पल घालून, फळी टाकून चढा.

---

संत्राबाग (वरूड) | २२ एप्रिल, सकाळी ६:४५

माझ्या मते सगळा दोष पीडब्ल्यूएमचा आहे. मी दुसऱ्या प्रकारचा, एमपीपीटी कंट्रोलर लावला तेव्हापासून फरक पडला. ३० टक्के जास्त चार्जिंग देतो असं खोक्यावरच लिहिलं होतं.

---

मॉडबस (नागपूर, गाव भिवापूरकडे) | २२ एप्रिल, सकाळी ९:२०

संत्राबाग दादा, तुमचं पॅनल कोणतं आहे त्यावर हे अवलंबून आहे. ३३० वॅटचं मोठं असेल तर तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पऱ्हाटीवाला भाऊंचं पॅनल १२ व्होल्टवालं, ३६ सेलचं (सेल म्हणजे पॅनलवरचे चौकोन) आहे. तिथं हिशेब वेगळा होतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फारच वेगळा.

पीडब्ल्यूएम म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधला एक जलद चालू-बंद होणारा स्विच. बॅटरी रिकामी असताना तो सरळ जोडलेलाच राहतो, त्यामुळे पॅनलचं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत खाली ओढलं जातं. पाटीवर १८ व्होल्ट, ८ अँपिअर लिहिलेलं असलं तरी बॅटरी १३ वर असेल तर मिळतात १३ गुणिले ८. वरचे ५ व्होल्ट वाया. एमपीपीटी हे जास्तीचे व्होल्ट अँपिअरमध्ये बदलून देतो, म्हणून तो महाग.

पण पाटीवरचे १८ व्होल्ट २५ अंशांच्या सेलला असतात. एप्रिल-मेमध्ये हवा ४५ वर गेली की टिनावरचा सेल ६५-७० अंशांवर जातो. दर अंशाला साधारण ०.४ टक्के व्होल्टेज कमी होतं, म्हणजे १८ चे उरतात १५. आता १५ आणि १३.५ मध्ये वाया जायला आहेच किती? त्यातून एमपीपीटीचा स्वतःचा खर्च वजा करा. ऐन गरजेच्या महिन्यांत हाती पाच-सात टक्के लागतील. डिसेंबरच्या थंड सकाळी मात्र तो खरंच जास्त देतो.

याच्या उलट, ६० किंवा ७२ सेलचं मोठं पॅनल कोणी १२ व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएमने जोडलं असेल तर अर्ध्याहून जास्त वीज वाया जाते. तिथं एमपीपीटीच हवा, आणि तोही पॅनलचं उघडं (काही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज, म्हणजे ४०-५० व्होल्ट, सहन करणारा.

आणखी एक. बाजारात एमपीपीटी असं छापलेले, पण आतून पीडब्ल्यूएम असलेले डबे पुष्कळ आहेत. हातात घेतला की हलका लागतो, कारण आत वेटोळ्याची कॉइलच नसते. खात्री करायची तर बॅटरी अर्धी रिकामी असताना भर उन्हात पॅनल टर्मिनल मोजा. पॅनलचं आणि बॅटरीचं व्होल्टेज जवळपास सारखंच आलं तर तो पीडब्ल्यूएम, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

---

संत्राबाग (वरूड) | २२ एप्रिल, दुपारी १:३०

माझं ३३५ वॅटचं आहे, ७२ सेल. म्हणजे मला फरक त्यामुळे पडला. समजलं. पऱ्हाटीवाला भाऊ, माझ्या सांगण्यावरून घेऊ नका, आधी मोजा.

---

पऱ्हाटीवाला (ता. घाटंजी) | २४ एप्रिल, रात्री ९:१५

मल्टिमीटर आणला. मोठ्या पोराला धरायला शिकवलं, एक वर, एक खाली अन् मधात पोरगी आकडे ओरडून सांगायला.

पहाटे साडेपाच, इन्व्हर्टर बंद करून एक तासानं: बॅटरी ११.८.
अकरा वाजता, पंखा बंद: बॅटरी १३.१, कंट्रोलरच्या पॅनल टर्मिनलवर १३.४, वर पॅनलच्या डबीत १५.४.
चार वाजता बॅटरी १३.३. त्याच्या वर दिवसभरात गेलीच नाही.

वायर १२ मीटर. एमएम माहीत नव्हतं, उरलेला तुकडा दुकानात दाखवला तर दीड एमएम म्हणाला.

डबीत १५.४ अन् खाली १३.४. मधले दोन व्होल्ट कुठं गेले?

---

वायंडिंगवाला (हिंगणघाट) | २४ एप्रिल, रात्री ९:५०

वायरीत गेले भाऊ. तापून गेले.

१२ मीटर अंतर म्हणजे जाण्या-येण्याची २४ मीटर वायर. दीड एमएम तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम, म्हणजे तुमच्या २४ मीटरला ०.२९. तुमचं पॅनल त्या वेळी पावणेसात-सात अँपिअर देत असणार. ०.२९ गुणिले ६.८ केलं की दोन व्होल्ट. पोरांनी अगदी बरोबर मोजलं आहे, शाबासकी द्या त्यांना.

घरच्या २३० व्होल्टच्या फिटिंगला दीड एमएम पुरते, कारण तिथं दोन व्होल्ट गेले तर कळतही नाही. इथं मुळात १५ च आहेत. त्यातले दोन वाटेत सांडले तर बॅटरी वर चढायला लागेल तेव्हा कंट्रोलरकडे ढकलायला काही उरत नाही. करंट घटत जातो आणि १४.४ गाठायच्या आत दिवस मावळतो. लेड अ‍ॅसिड बॅटरी १४.४ च्या आसपास दीड-दोन तास टिकली तरच पूर्ण भरते. तुमची कित्येक महिन्यांत भरलेलीच नाही.

सहा एमएमची डीसी केबल टाका, सोलरवाली, उन्हात न तडकणारी. तोटा अर्ध्या-पाऊण व्होल्टवर येईल. नाहीतर पॅनल गोठ्यावरून घराच्या टिनावर आणा, अंतरच कमी होईल.

केबल बदलताना क्रम पाळा: सोडताना आधी पॅनल, मग बॅटरी, जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. कंट्रोलर बॅटरीकडे बघूनच १२ की २४ ते ठरवतो. बॅटरी नसताना पॅनल जोडलं तर काही डब्यांत पॅनलचे २१-२२ व्होल्ट थेट लोडवर येतात, बल्ब जातात, कधी कंट्रोलरही जातो. आणि बॅटरीच्या प्लसला वीतभर अंतरावर फ्यूज आहे का? नसेल तर आधी तो लावा, बाकी सगळं नंतर. बॅटरीच्या दोन वायरी एकमेकींना लागल्या तर शेकडो अँपिअर धावतात. गोठ्यात कडबा आहे तुमच्या.

बॅटरीची ग्रॅव्हिटीही, म्हणजे आतल्या आम्लाची घनता, तपासून घ्या. सहाही बुचांतली.

---

शिलाईघर (कुरखेडा, गडचिरोली) | २५ एप्रिल, दुपारी २:४०

मी शिलाईकाम करते, मशीनची छोटी मोटर आणि दोन बल्ब सोलरवर आहेत. या धाग्यामुळे मीही मोजायला घेतलं. शेजारच्या वायरमनदादांचा क्लॅम्प मीटर आणला, पॅनलच्या वायरीला अडकवला तर शून्य दाखवतो. पॅनल बंद आहे का माझं?

दुसरं म्हणजे, कंट्रोलर उघडला तर आत वाळलेली पाल निघाली आणि एका टर्मिनलभोवती मुंग्यांचं वारूळ. हे साफ कसं करू?

---

वायंडिंगवाला (हिंगणघाट) | २५ एप्रिल, दुपारी ३:३०

ताई, पॅनल ठीक असेल. वायरमनकडचा क्लॅम्प बहुधा फक्त एसीचा असतो, डीसी करंट त्याला दिसतच नाही. डीसी मोजणारा वेगळा मिळतो, जरा महाग. तोवर व्होल्टवरच काम भागवा.

मुंग्यांसाठी: आधी पॅनल सोडा, मग बॅटरी. कोरड्या दाढीच्या ब्रशने झाडा, टर्मिनलवर हिरवं-पांढरं चढलं असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा, वायरीचं टोक कापून नवीन तांबं काढा आणि स्क्रू घट्ट आवळा. पाणी किंवा रॉकेल लावू नका. पुन्हा जोडल्यावर वायरी शिरतात त्या मोकळ्या भोकात बारीक जाळी बसवा, पण हवेच्या फटी बुजवू नका, कंट्रोलरला श्वास लागतो. सैल स्क्रू हा कंट्रोलर जळण्याचा मोठा मार्ग आहे. वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि होळीला, सगळे स्क्रू आवळत जा.

---

मेळघाट_गुरुजी (धारणी) | २५ एप्रिल, रात्री ८:२०

आमच्याकडे पावसाळ्यात लाइन तीन-तीन दिवस येत नाही, त्यामुळे शाळेतले दिवे आणि माझ्या खोलीतला पंखा सोलरवर. गेली सहा वर्षं एकच बॅटरी वापरतो आहे, ती कशी टिकली ते सांगतो.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन आकडे लिहितो. वरच्या कोपऱ्यात पहाटेचा, खालच्या कोपऱ्यात दुपारी तीनचा. मीटर कंट्रोलरशेजारीच खिळ्याला टांगलेला आहे. तीस सेकंदांचं काम.

पहाटेचा आकडा म्हणजे रात्रीचा खर्च. लोड बंद करून स्थिरावलेली बॅटरी १२.७ दाखवते तेव्हा भरलेली, १२.२ ला अर्धी, १२ च्या खाली गेली की पाव भाग उरला समजा. मी १२.२ च्या खाली सहसा जाऊ देत नाही. दुपारचा आकडा म्हणजे आवक. तिथं १४ च्या वर काही दिसलं तर पोट भरलं. एकेका दिवसाच्या आकड्याला मी फार महत्त्व देत नाही, ढग असतात, पाहुणे येतात. महिन्याचं पान समोर धरलं की चढ-उतार दिसतो. ऑगस्टमध्ये एकदा पहाटेचे आकडे १२.४, १२.३, १२.३, १२.२, १२.१ असे उतरत गेले. ऊन बरं होतं, खर्च तोच. वर चढून पाहिलं तर शेजारच्या जांभळीची फांदी वाढून दुपारनंतर पॅनलच्या एका कोपऱ्यावर सावली पडत होती. कोपराच, पण सेल एकामागोमाग जोडलेले असतात, एका कोपऱ्याची सावली सगळ्यांना अडवते. फांदी छाटली, आकडे चढले. नुसत्या दिव्याकडे पाहत बसलो असतो तर दिवाळीपर्यंत कळलं नसतं.

पऱ्हाटीवाला भाऊ, तुमचे पहाटेचे ११.८ फार खाली आहेत. पंखा कोणता आहे? आणि पहिल्या वर्षी हेच सगळं चालत होतं का?

---

पऱ्हाटीवाला (ता. घाटंजी) | १ मे, रात्री ९:३०

गुरुजी, तुम्ही बरोबर विचारलं. पहिल्या वर्षी फक्त बल्ब अन् एक टेबल फॅन होता. छताचा पंखा अन् टीव्ही मागच्या दिवाळीला जोडला. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इन्व्हर्टर चोवीस तास चालूच असते, बंद करायचा असते हे कोणी सांगितलं नाही.

ग्रॅव्हिटी तपासली: ११५०, ११४५, ११५०, ११५५, ११५०, ११४५.

वायंडिंगवाला भाऊ, फ्यूज नव्हता, लावला. सहा एमएमची केबल टाकली. बॅटरी तालुक्याच्या दुकानात दोन दिवस लाइटवर चार्ज करून आणली. तिथं ग्रॅव्हिटी १२२५ पर्यंत चढली.

आता दुपारी बॅटरी १३.८ दाखवते. पण १३.८ लाच अडते. भर उन्हात कंट्रोलर चार्जिंग कमी करून टाकते, 'फुल'चा दिवा लागते. वर डबीत तर १७ व्होल्ट आहेत. तुम्ही तर १४.४ सांगितलं होतं.

---

वायंडिंगवाला (हिंगणघाट) | १ मे, रात्री १०:०५

आधी आनंदाची गोष्ट. सहाही खाने एकसारखे कमी होते आणि एकसारखे चढले. एखादा ११०० वर अडकून बाकीचे १२२० असते तर तो खाना गेला म्हणता आलं असतं. तुमची बॅटरी उपाशीच होती, गेली नव्हती. ट्यूब्युलरचे पूर्ण १२४० असतात, तुमची १२२५ ला आली, म्हणजे थोडी ताकद कायमची गेली. इतके महिने प्लेटवर सल्फेट बसलं त्याची ती किंमत.

१३.८ चं मला कळत नाही. बॅटरीचा प्रकार जेल किंवा सीलबंदवर ठेवला आहे का?

---

मॉडबस (नागपूर) | १ मे, रात्री १०:४०

प्रकारातला फरक एवढा मोठा नसतो, जेलला १४.१-१४.२ असतात. भाऊ, कंट्रोलर कुठं टांगला आहे? आणि बॅटरी कुठं आहे?

---

पऱ्हाटीवाला (ता. घाटंजी) | २ मे, सकाळी ६:१०

कंट्रोलर टिनाच्या भिंतीवर, छताला लागून, पश्चिमेकडं. वायर कमी लागावी म्हणून वर लावला होता. बॅटरी खाली, शेणानं सारवलेल्या भुईवर, माठाच्या बाजूला. तिथं थंड राहते म्हणून मुद्दाम ठेवली.

---

मॉडबस (नागपूर) | २ मे, सकाळी ९:००

सापडलं.

बॅटरी गरम असली की ती कमी व्होल्टेजलाच भरते, म्हणून चांगला कंट्रोलर तापमान पाहून व्होल्टेज उतरवतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला साधारण २४ मिलिव्होल्ट, २५ अंशांपासून पुढे मोजून. सोय चांगली आहे, आपल्या उन्हाळ्यात तर गरजेचीच, नाहीतर बॅटरीचं पाणी उकळून उडेल.

पण तुमच्या कंट्रोलरला बॅटरीचं तापमान कळत कसं? महागड्याला वायरीच्या टोकाला वेगळा सेन्सर असतो, तो बॅटरीला चिकटवायचा. साध्यात सेन्सर डब्याच्या आतच असतो. डबा छताला लागून, पश्चिमेच्या तापलेल्या टिनावर, दुपारी सहज ५० अंशांचा होत असणार. त्याला वाटतं बॅटरीही ५० वर आहे. मग २५ अंश गुणिले २४ मिलिव्होल्ट म्हणजे ०.६ व्होल्ट. १४.४ वजा ०.६ बरोबर १३.८. तुमचा आकडा तोच आहे. बॅटरी मात्र खाली माठाशेजारी थंड बसली आहे, अर्ध्या पोटी.

कंट्रोलर खाली आणा. बॅटरीच्याच खोलीत, आतल्या मातीच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीवर, वर-खाली वीतभर मोकळी जागा ठेवून. बॅटरीच्या डोक्यावर नको, चार्ज होताना बुचांतून निघणारा वायू पेट घेतो आणि आम्लाची वाफ टर्मिनल खाते. बाजूला दोन हात अंतरावर. कंट्रोलर ते बॅटरी वायर आखूड आणि जाड ठेवा, नाहीतर कंट्रोलरला बॅटरीचं व्होल्टेजही चुकीचं दिसेल.

---

पऱ्हाटीवाला (ता. घाटंजी) | ४ मे, रात्री ८:५०

काल खाली आणला. आज दुपारी दोन वाजता १४.२. तिथून पावणेचारपर्यंत हलला नाही, मग स्वतःच १३.५ वर उतरला. बुचांपाशी कान लावला तर बारीक बुडबुड्यांचा आवाज येत होता. दोन वर्षांत हा आवाज पहिल्यांदा ऐकला.

खोलीत ३५ अंश होतं. १४.४ वजा ०.२४, बरोबर बसते.

आता खर्चाचं सांगा गुरुजी.

---

मेळघाट_गुरुजी (धारणी) | ४ मे, रात्री ९:४५

छताचा साधा एसी पंखा ७५ वॅटचा. इन्व्हर्टरचा तोटा धरून बॅटरीतून सात-आठ अँपिअर ओढतो. रात्रीचे आठ तास चालवला तर ६० एएच. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी पाऊण-एक अँपिअर खातो, चोवीस तासांचे झाले २० च्या आसपास. बल्ब, टीव्ही, मोबाइल मिळून आणखी १५. झाले ९५ एएच, तेही १०० एएचच्या बॅटरीतून. आणि आवक? चांगल्या उन्हात साडेसात अँपिअर गुणिले पाच तास, ३७. त्यातले दहा-पंधरा टक्के चार्जिंगमध्येच जातात. ३२ धरा. केबल बारीक होती तेव्हा तर त्याहून कमी. शंभराचा खर्च आणि तिसाची मिळकत, असा संसार चालला होता.

१२ व्होल्टचा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचा) डीसी पंखा घ्या. पूर्ण वेगात २८-३० वॅट, मध्यम वेगात १५ च्या आत. इन्व्हर्टर लागत नाही. तो कंट्रोलरच्या लोड टर्मिनलवर जोडा, बल्बही डीसीचे करून तिथंच. याने दुसरा फायदा असा की बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली गेली की कंट्रोलर लोड स्वतः तोडतो. तुमचा इन्व्हर्टर थेट बॅटरीवर आहे, ते बरोबरच आहे, १० अँपिअरच्या कंट्रोलरला त्याचा झटका झेपत नाही. पण त्यामुळे बॅटरीवर राखणदार कोणी राहिला नव्हता, इन्व्हर्टर १०.५ पर्यंत खरवडून काढायचा. कंट्रोलरमध्ये तोडण्याचं व्होल्टेज बदलता येत असेल तर कारखान्यातून आलेलं १०.८-११.१ काढून ११.६ करा. रात्री पंखा थांबला तर थोडा त्रास होईल, पण बॅटरी जास्त वर्षं जगेल.

इन्व्हर्टर फक्त टीव्हीपुरता लावा, मग बटण बंद.

---

संत्राबाग (वरूड) | ५ मे, सकाळी ७:००

माझा भाचा म्हणतो एवढं कशाला, पीएम सूर्यघरमध्ये अर्ज करून टाका, ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. पऱ्हाटीवाला भाऊंना ते चालेल का?

---

मॉडबस (नागपूर) | ५ मे, सकाळी ९:३०

ती योजना (फेब्रुवारी २०२४ पासूनची) लाइनला जोडलेल्या छतावरच्या सोलरची आहे. बिल कमी होतं, गावठाणात घर असेल तर जरूर करा. पण साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःही बंद पडतो. पडायलाच हवा, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला उलटा करंट लागेल. अंधारात पंखा हवा असेल तर बॅटरी लागतेच.

---

शिलाईघर (कुरखेडा, गडचिरोली) | ११ मे, दुपारी १२:१५

मला लिथियम बॅटरी देऊ करतात, लिथियम फॉस्फेटची. माझ्या आहे त्याच कंट्रोलरवर चालेल का?

---

मॉडबस (नागपूर) | ११ मे, रात्री ८:००

ताई, कंट्रोलरमध्ये लिथियमची सेटिंग असेल किंवा व्होल्टेज हाताने भरता येत असेल तरच. चार्जिंग १४.२ ठेवा, १४.६ पर्यंत ताणायची गरज नाही. इक्वलायझेशन (अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टने चार्ज करणं) पूर्ण बंद, ते पाण्याच्या बॅटरीसाठी असतं. तापमानाप्रमाणे व्होल्टेज उतरवणारी सोयही बंद. गुरुजींची पहाटेच्या आकड्याची युक्ती मात्र इथं चालत नाही: लिथियमचं व्होल्टेज ३० ते ९० टक्के भरेपर्यंत १३.१-१३.३ च्या मधेच राहतं, त्यावरून किती उरलं ते कळत नाही. त्यासाठी आत-बाहेर जाणारे अँपिअर मोजणारा शंट मीटर लागतो.

आणि आतली बीएमएस (लिथियम बॅटरीतलं राखणदार सर्किट) कधी भर उन्हात बॅटरी तोडते, तेव्हा कंट्रोलरसाठी ती बॅटरी नसल्यासारखीच. पॅनलचं व्होल्टेज लोडवर यायचा धोका तिथंही आहे. कंट्रोलरच्या पुस्तिकेत लिथियम चालते असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.

ज्यांना वहीऐवजी मोबाइलवर आकडे हवेत त्यांच्यासाठीही सांगतो. काही कंट्रोलरला ब्लूटूथ असतं. एपेव्हर कंपनीच्या कंट्रोलरसारख्यांना आरएस-४८५ चं (आकडे बाहेर पाठवायचं) सॉकेट असतं, दिसायला इंटरनेटच्या केबलसारखं, पण त्यात राउटरची केबल खुपसू नका. त्यातून मॉडबसने (माझं नाव त्यावरूनच, यंत्रांनी एकमेकांशी बोलायची ती एक पद्धत आहे) आकडे वाचता येतात, वेग ११५२००. रजिस्टर १२५४४ मध्ये पॅनलचं व्होल्टेज, १२५४८ मध्ये बॅटरीचं, दोन्हींना १०० ने भागायचं. मी गावच्या घरी ईएसपी३२ नावाचा वायफायवाला छोटा बोर्ड लावून दर पाच मिनिटांनी मेमरी कार्डवर लिहून ठेवतो, नेटवर्क आलं की पाठवतो. तो छोटा बोर्डही वायफाय सतत चालू ठेवलं तर दिवसाला एक-दीड एएच खातो, म्हणून मधल्या वेळात झोपवून ठेवा. मी शहरात असताना आईने फोनवर 'दिवे मंद झाले' म्हणायच्या दोन दिवस आधी मला ते कळतं. तरी आईच्या कपाटाच्या दारावर खडूने लिहिलेले पहाटेचे आकडे मी जाऊन पाहतोच, कारण ते मीटर थेट बॅटरीवर टेकवून घेतलेले असतात.

---

पऱ्हाटीवाला (ता. घाटंजी) | ३ जून, सकाळी ६:३०

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला. डीसी पंखा ९ मेला बसवला, बल्ब बदलले. वडील घरातच झोपतात. पहाटेचे आकडे पोरगी लिहिते, दाराच्या मागच्या कॅलेंडरवर: १२.३, १२.३, १२.४, १२.३. आवारात धूळ फार, म्हणून ती दर चार दिवसांनी पॅनल पुसते, सकाळी सहाच्या आत, टिन थंड असताना. पुसलेल्या दिवशी दुपारचे १४.२ अर्धा तास लवकर येतात, हेही तिनंच शोधलं.

---

मेळघाट_गुरुजी (धारणी) | ३ जून, रात्री ८:१०

उत्तम. पावसाळ्यात मात्र आवक निम्म्यावर येईल. तुमचा हिशेब काठावरचा आहे. झड लागली की पहिल्याच दिवशी टीव्ही बंद करा, बॅटरी उतरायची वाट पाहू नका. दुसरं पॅनल घ्यायचं झालं तर कंट्रोलरही २० अँपिअरचा लागेल, आत्ताचा १० चा एका पॅनललाच काठावर आहे.

---

पऱ्हाटीवाला (ता. घाटंजी) | २९ जुलै, रात्री ९:४०

आठ दिवस झड होती. सूर्य दिसला नाही म्हटलं तरी चालेल. पहाटेचे आकडे: १२.४, १२.३, १२.३, १२.२, १२.१, १२.१, १२.०, १२.०. टीव्ही पहिल्या दिवसापासून बंद, पंखा एक नंबरवर. लोड एकदाही तुटला नाही. आज ऊन पडलं, दुपारी तीनला १३.९, उद्या १४.२ येईल असं वाटते.

कापूस विकला की २० अँपिअरचा कंट्रोलर अन् दुसरं पॅनल. तेव्हा केबल किती एमएमची घ्यायची ते इथंच विचारीन.